डोंग्यातला गोटा

मुलींचे वसतिगृह, गडचिरोली
दि. १४ जुलै २०२४

ती. सौ. इंदुआत्यास,
दिव्यानीचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नको, मी बरी आहे. इथे मोबाईल चालत नाही. वॉर्डनबाईंच्या फोनवरून पंधरा दिवसांतून एकदा बोलायला मिळते, पण मागे वीस मुलींची रांग. बाबांना जेवले का म्हणून विचारेपर्यंत वेळ संपते. म्हणून पत्र लिहून राह्यली.

नववीचं विज्ञान मला जड जाते. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत. त्यांच्या जागी देवानंद सर दुसऱ्या शाळेतून आठवड्यात दोनदा येतात. सर चांगले आहेत, पण दोन तासांत किती होईल? जाताना प्रश्नांचा कागद देतात आणि सांगतात की घरी विचारा, करून पाहा, मग मला सांगा. रिंकूची आई नर्स आहे, डिंपलचे काका मास्तर. माझ्या घरी बाबा, चौथीपर्यंत शिकलेले. आपल्या घरात मॅट्रिक तू एकटी.

प्रश्न असा आहे. हायड्रोजन नेहमी दोघं-दोघं जोडीनं फिरतात, ऑक्सिजनपण जोडीनं. पाण्याच्या एका कणात मात्र हायड्रोजन दोन आणि ऑक्सिजन एकच. मग उरलेल्या ऑक्सिजनचं काय करायचं? समीकरण दोन्हीकडून सारखं करा म्हणतात. मी पाण्यातच दोन ऑक्सिजन लिहून टाकले. सरांनी लाल रेघ मारली आणि म्हणाले, हे पाणी राह्यलं नाही, प्यायली तर जीभ भाजेल. सगळ्या हसल्या.

आत्या, एक गोष्ट फक्त तुला सांगते. सहामाहीत विज्ञानात पास झाली नाही तर दिवाळीला घरी आलेली मी परत इथे येणार नाही. डोंग्यात पुढे बसून जाळं सोडायला आता कोणी नाही. आधी आई बसायची. आई गेल्यावर दोन वर्षं मी बसली. आता बाबा एकटेच तलावात जातात. मी इथे नापास व्हायला राहू आणि तिकडे ते एकट्याने डोंगा सांभाळतील, यात काय अर्थ आहे? बाबांना हे सांगू नको.

देवघरासमोर बसशील तेव्हा माझं नाव घेत जा.

तुझी,
दिव्यानी


॥ श्री ॥
सिंदेवाही
गुरुपौर्णिमा, दि. २१ जुलै २०२४

चि. दिव्यानी हीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. आज गुरुपौर्णिमा, आणि आजच मला कोणी तरी गुरू केले, म्हणून पूजा आटोपून आधी तुलाच लिहायला बसले. पाकीट जुनेच उलटे करून चिकटवले आहे, हसू नको. आतला मजकूर नवा आहे.

तुझा प्रश्न दोन दिवस डोक्यात घेऊन फिरले. वरण ढवळता ढवळता उजेड पडला. मागच्या वर्षी आमच्या रंजीताचे लग्न झाले तेव्हा ओटीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती, आठवते का? दुकानदाराने साड्या दोन-दोनच्या जोडीत बांधून दिल्या होत्या. खणही दोन-दोनच्या जोडीत. आणि आपली रीत अशी की एका बाईच्या ओटीत साडी एक आणि खण दोन. आता बघ. साड्यांची एक जोडी सोडली की बायका किती झाल्या? दोन. दोघींना मिळून खण लागतील चार, म्हणजे खणांच्या जोड्या दोन. साड्यांची जोडी एक, खणांच्या जोड्या दोन, ओट्या दोन. काही उरले नाही, काही कमी पडले नाही. साडी म्हणजे तुझा ऑक्सिजन, खण म्हणजे हायड्रोजन, आणि ओटी म्हणजे पाणी.

तू काय केलेस? उरलेली साडी त्याच ओटीत कोंबलीस. दोन साड्यांची ओटी ही आपली ओटी राहत नाही, म्हणून सरांनी लाल रेघ मारली. ओटीच्या आत हात घालायचा नाही. ओट्या किती, तेवढेच बदलायचे. हे एवढे धरून ठेव, मग लोखंड येवो की गंधक येवो, सगळे जुळते.

बाजाराच्या दिवशी तुझा बाबा आला होता. मी माळकरी आणि तो मासोळीवाला, त्यामुळे आमचे भाऊबहिणीचे भेटणे तुला ठाऊकच आहे. टोपली रस्त्यावर, तो बाहेर सपरीच्या छपराखाली, मी उंबऱ्याच्या आत. पत्रात काय लिहिलं म्हणून त्याने तीनदा विचारले. मी फक्त प्रश्न वाचून दाखवला. ऐकून म्हणे, हवा अन् हवा मिळून पाणी होते म्हणते का पुस्तक? मग आमच्या तलावात उन्हाळ्यात काऊन नाई होत? मी त्याला गप्प केले. भात वाढला, तर अर्धा टाकून उठला. तू गेल्यापासून असेच आहे, पण ते तू मनावर घेऊ नको.

दुसरी जी गोष्ट लिहिलीस, ती मी देवापुढे ठेवली आहे आणि तिथेच ठेवणार. बाबाला सांगितलेली नाही. तू आधी पास तर हो.

विठ्ठल तुला बुद्धी देवो, आणि ती वापरायची सवयही देवो.

तुझी,
इंदुआत्या


गडचिरोली
दि. ४ ऑगस्ट २०२४

ती. सौ. इंदुआत्यास,
दिव्यानीचा सा. न. वि. वि.

आत्या, तुझ्या ओटीनं कमाल केली! सरांनी फळ्यावर पाच समीकरणं दिली, पाचही बरोबर आली. सरांनी विचारलं कसं केलं, तर मी साड्या आणि खण सांगितले. ते इतके हसले की चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, तुझ्या आत्याला माझ्या जागी पाठव. आता जेवणानंतर पाच मुली माझ्या पलंगावर येऊन बसतात. डिंपलने त्याचं नावच आत्याचा तास ठेवलं आहे. तुझं पत्र आलं की आधी त्या झडप घालतात, मला मागून वाचायला मिळते.

यावेळी दोन प्रश्न आहेत. पहिला सोपा. हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल काऊन होते?

दुसऱ्यानं सगळ्यांचं डोकं फिरवलं आहे. लहानशा टाक्यात एक नाव तरंगते. नावेत मोठा गोटा आहे. नावेतल्या माणसाने तो गोटा उचलून पाण्यात टाकला आणि तो तळाशी गेला. तर टाक्यातलं पाणी वर चढेल, खाली उतरेल, की तेवढंच राहील? कारण पण सांगायचं आहे. रिंकू म्हणते तेवढंच राहील, डिंपल म्हणते वर चढेल. माझ्याकडे सगळ्या पाहतात, कारण डोंग्यात बसलेली मी एकटीच. पण मी डोंग्यात बसून पाण्याकडे कधी असं पाह्यलंच नाही. आपण मासोळीकडे पाहतो.

बाबांना नक्की विचार. यावेळी त्यांना येत असेल. सर पंचवीस तारखेच्या आठवड्यात सगळ्यांसमोर विचारणार आहेत, आणि त्याचे गुण सहामाहीत धरणार आहेत.

बाबांना सांग, पावसात तलावाच्या मधोमध जात जाऊ नका.

उत्तराची वाट पाहणाऱ्या पाच जणींच्या वतीने,
दिव्यानी


॥ श्री ॥
सिंदेवाही
दि. १५ ऑगस्ट २०२४

चि. दिव्यानी हीस,
आणि आत्याच्या तासाला बसणाऱ्या पाचही लेकींना आत्याचे आशीर्वाद.

सरांनी मला बोलावले हे वाचून घरात सर्वांना दोनदा वाचून दाखवले. हे म्हणाले, जाशील तर जा, पण स्वयंपाक करून जा.

हळदीचे सांगते. आपण गौरीसाठी कुंकू घरी करतो तेव्हा काय करतो? हळदीत चुना मिसळतो, की ती लाल होते. साबणही चुन्याच्याच गोत्रातला, त्याला पुस्तकात आम्लारी म्हणतात. त्या लाल डागावर लिंबू पिळून बघ, परत पिवळा होईल, कारण लिंबू आम्ल. करून बघ, पण वसतिगृहाची चादर घेऊ नको, स्वतःचा रुमाल घे.

आता गोट्याचे. यात अवघड काय आहे तेच मला कळले नाही. घंगाळात पाणी असते, त्यात आपण तांब्या बुडवला की पाणी वर येते. गोटा डोंग्यात होता तेव्हा तो पाण्याबाहेर होता. पाण्यात पडला की त्याने जागा घेतली. तेवढे पाणी वर चढणार. बस. असेच लिही, पाणी वर चढेल, कारण बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाइतके पाणी बाजूला सारते. हे वाक्य माझ्या दहावीच्या वहीत अजून आहे, पेटीतून काढून पाहिले.

तुझ्या बाबालाही विचारले. तो बसल्या जागी हसला आणि काही तरी बोलला, पण ते पुस्तकात चालण्यासारखे नव्हते, म्हणून लिहीत नाही.

ठणकावून सांग. सगळ्यांपुढे बोलताना आवाज खाली पाडू नको.

तुझ्या यशाची वाट पाहणारी,
इंदुआत्या


गडचिरोली
दि. १ सप्टेंबर २०२४

ती. सौ. इंदुआत्यास,
सा. न. वि. वि.

मी ठणकावून सांगितलं. सर म्हणाले, नक्की? मी म्हटलं, नक्की, माझ्या आत्याच्या वहीत आहे. आपल्या पाचही जणींनी तेच लिहिलं होतं, माझ्या भरवशावर. सरांनी मान हलवली आणि सांगितलं की सहाही जणींचं चूक आहे. बरोबर काय ते सांगितलं नाही. म्हणाले, शोधा, दीड महिना वेळ आहे, कोणी करून दाखवलं तर गुण परत देईन.

त्या रात्री जेवणानंतर माझ्या पलंगाकडे कोणी आलं नाही. रिंकू पाण्याच्या नळावर सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणे, डोंग्यातली पोरगी डोंग्यातच बुडाली. त्यावर सगळ्या हसल्या. मीपण हसली, नाही तर रडली असती.

तुझा राग नाही, आत्या. तुलाही पंचवीस-तीस वर्षं झाली शाळा सोडून. मलाच समजायला पाहिजे होतं की हे माझं काम नाही. जे डोंग्यात बसूनही मला दिसलं नाही, ते पुस्तकात पाहून काय दिसणार? सहामाहीची वाट पाहायचीपण गरज राह्यली नाही. मी पेटी बांधून ठेवली आहे. दिवाळीच्या सुटीत पेटी घेऊनच येईन. बाबांना आता सांगितलं तरी चालेल. डोंग्यातली माझी जागा तर कोणी घेतली नसेल.

तुझी,
दिव्यानी


॥ श्री ॥
सिंदेवाही
ऋषिपंचमी, दि. ८ सप्टेंबर २०२४

चि. दिव्यानी हीस,
अनेक आशीर्वाद. हे पत्र शेवटपर्यंत वाच, अर्ध्यात ठेवू नको.

आज ऋषिपंचमी. नकळत झालेल्या चुका धुऊन जाव्यात म्हणून आपण बायका हा उपास करतो. माझी चूक मात्र नकळत झालेली नाही. ती मला माहीत होती, आणि ती आज तुझ्याजवळ बोलल्याशिवाय मी पाणी घेणार नाही.

तुझ्या बाबाने त्या दिवशी बरोबर उत्तर सांगितले होते. सपरीत बसून, तंबाखूचा खर्रा घोटत. म्हणे, पाणी उतरते बाई. गोटा डोंग्यात आहे तवरी डोंगा खाली दबते अन् आपल्या पोटाखालचं सारं पाणी लोटते. तोच गोटा बुडाला का फक्त आपल्या अंगापुरती जागा घेते. मी त्याला म्हणाले, तुला काय कळते, तू चौथीत शाळा सोडली, मी पुस्तकात पाहून सांगते. तो म्हणाला, हाव, तू मॅट्रिक. एवढेच बोलला. पाणी प्यायला आणि टोपली उचलून गेला.

आपल्या घरात असेच चालत आले आहे. कागद आला की इंदू, आणि पाणी आले की मनसाराम. कागदावर पाण्याचा प्रश्न आला, तर मी तो कागदच धरून बसले.

आता तुला जे कोणी सांगितले नाही ते सांगते. माझी शाळा तलावाच्या पलीकडे होती. पावसाळ्यात बांध फुटला की चार महिने रस्ता बंद. तुझा बाबा माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. चौथी झाल्यावर त्याने दप्तर खुंटीला टांगले आणि डोंग्याचा बांबू हाती घेतला. रोज सकाळी मला पलीकडे सोडायचा, दुपारी आणायला यायचा. परीक्षेच्या दिवशी माझे पाय ओले होऊ नयेत म्हणून स्वतः चिखलात उतरून डोंगा काठापर्यंत ओढायचा. माझी मॅट्रिक त्याच्या बांबूवर झाली, दिव्यानी. आणि त्याच माणसाला मी म्हणाले, तुला काय कळते.

तुझे पत्र आले तो बाजाराचा दिवस होता. मी त्याला सगळे वाचून दाखवले, रिंकू जे बोलली ते, आणि पेटीचेही. ऐकून तो उठला. मग म्हणाला, बादली आण.

मी बादलीत पाणी भरून आणले. मासोळी तोलायचे लोखंडी किलोचे माप त्याने टोपलीतून काढले आणि मला हात लावायचा नाही म्हणून बाजूला ठेवले. मी ते उचलले, माळेसकट. विठ्ठल बघून घेईल. पातेल्यासारखा लहान गंज पाण्यावर तरंगत ठेवला, त्यात माप ठेवले. गंज डुलत डुलत खाली दबला, काठ बुडायला दोन बोटे उरली. पाणी जिथपर्यंत आले तिथे त्याने आपल्या चंचीतल्या चुन्याने बादलीच्या आत रेघ ओढली. मग माप काढून पाण्यात सोडले. गंज टुणकन वर आला. आणि पाणी, बाई गं, चुन्याच्या रेघेपासून बोटभर खाली उतरले! मी दोनदा केले, तिसऱ्यांदा केले. तिन्ही वेळा उतरले. वाकून पाहताना माझा पदर भिजला तरी कळले नाही.

आता पुस्तकाच्या भाषेत माझ्याकडून घे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. बुडालेली वस्तू आपल्या आकाराइतकेच सारते. लोखंड काय, गोटा काय, आकाराने लहान पण वजनाने भारी, म्हणून तरंगताना जास्त पाणी सारतो. दहावीच्या वहीतले माझे वाक्य खोटे नव्हते, पण ते अर्धेच होते. दुसरे अर्धे सपरीत बसले होते.

तू बुडाली नाहीस. तुला मी बुडवले. हे पत्र पाचही जणींना वाचून दाखव. आत्याचा तास बंद करायचा असेल तर करा, पण दोष आत्याच्या नावावर लावा.

तुझा बाबा जाताना माझ्याकडून एक कोरा कागद आणि पाकीट मागून घेऊन गेला. काय करणार म्हणून विचारले, तर म्हणे, तुला काय करायचं?

आजच्या उपासाचे फळ मी तुझ्या नावाने सोडते.

चुकलेली, पण तुझीच,
इंदुआत्या


दि. १५ सप्टेंबर

चि. दिव्यानीले,
बाबाचा आशीर्वाद.

माझा लिहिण्याचा हात नाई. चौथीनंतर आता लिहून राह्यलो. दोन दिवस लागले एवढं लिहायले.

तू पेटी बांधली म्हणे. काऊन? डोंगा एकट्याने चालत नाई म्हणून ना? त्याचं सांगतो.

तू गेली त्या दिवशी मी डोंगा काढला. मी मागं बसलो अन् पुढचं टोक वर. तू बसली का पाणी डोंग्याच्या अंगावरच्या डांबराच्या रेघेवर यायचं, ते दोन बोटं खाली राह्यलं. डोंगा नुसता गोल फिरे. जाळं काही टाकता आलं नाई. परत आलो.

मग पहाडीवरून गोटा आणला. पहिला हलका भरला. दुसरा जड झाला, रेघ बुडाली. तिसरा आणला तो घागरीएवढा. तुझ्या जागेवर ठेवला अन् पाणी बरोबर रेघेवर आलं. तू बसायची तसंच. तेव्हापासून तोच बसते. बाजूच्या डोंग्यातला पोचू हसते मले, म्हणते मनसारामनं गोट्याले टुरी केलं, आपली पोरगी. हसो बिचारा. मी बोलतोपण त्याच्याशी. तो तुझ्यासारखा मधातच टोकत नाई.

त्याच्यानंच मले तुमच्या सरचा प्रश्न आला. रोज पाहतो मी, त्या गोट्यानं डोंगा किती दबते.

आता नीट आयक. तुझ्या जागी डोंग्यात गोटा बसला तर चालते. तीन महिने चालूनच राह्यलं. शाळेत तुझ्या जागी गोटा बसवला तर चालन का? नाई चालन. मग गोट्याचं काम तू कायले करते? ते गोट्याले करू दे.

तुझी आई म्हणत होती का हिले शिकवा. मी तेव्हा हो म्हटलो होतो, पण मनात नाई होतं. आता मनात आहे.

जेवतो मी. आत्या खोटं लिहिते. तिच्या भाजीत मीठ नसते म्हणून उठलो.

आता माझा एक प्रश्न. दिवाळीले तू येशील. गोटा काढू अन् तू बसशील. पाणी रेघेवर येईन, का वर, का खाली? कारण पण सांग. आत्याले विचारू नको.

तुझा बाबा,
मनसाराम


गडचिरोली
दि. ९ ऑक्टोबर २०२४

ती. बाबा यांस,
दिव्यानीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उशीखाली आहे. कोणाला वाचायला दिलं नाही. आत्याचं दिलं, तुमचं नाही.

आज मी सरांसमोर करून दाखवलं. स्वयंपाकघरातून मोठी बादली आणली, डब्याची डोंगी केली आणि गोट्याच्या जागी वरवंटा ठेवला. इंदुआत्याने लिहिलं तशी चुन्याची रेघ ओढली. वरवंटा पाण्यात सोडला आणि पाणी उतरलं. सर खाली वाकून पाहत राह्यले. मग मुलींकडे वळून म्हणाले, हे कोणी शिकवलं ते तिला विचारा. मी म्हटलं, माझ्या बाबांनी. ते तलावात मासोळी धरतात. आवाज खाली पाडला नाही. सरांनी सहाही जणींचे गुण परत दिले आणि तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. पत्रात लिही, विसरू नको, असं दोनदा म्हणाले.

जेवणानंतर पलंगावर पुन्हा मुली आल्या. रिंकूपण आली, काठावर बसली. म्हणे, मलापण सांग. आता त्या तासाचं नाव डोंग्याचा तास ठेवलं आहे. आत्याला सांगू नका, ती रुसेल. किंवा सांगा, तिला हसूच येईल. तिला म्हणावं, मनातला उपास सोड, मी तुझ्यावर रागावलीच नव्हती.

सोमवारपासून सहामाही आहे. विज्ञानाचा पेपर तिसऱ्या दिवशी. पास होईन असं वाटते. नाही झाली तर कुठे चुकली ते शोधीन, सर दीड महिना वेळ देतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः काढलं, कोणाला विचारलं नाही. जूनमध्ये इथे आली तेव्हा माझं वजन छत्तीस किलो होतं, म्हणजे तो गोटा छत्तीस किलोचा. मागच्या आठवड्यात डॉक्टर आले होते, आता मी एकोणचाळीस भरली. छत्तीस किलोनं डोंगा दोन बोटं दबते, तर वरच्या तीन किलोनं दोन बोटांच्या बाराव्या भागाइतका दबेल. म्हणून पाणी डांबराच्या रेघेच्या वर येईल, जाड दोऱ्याएवढं. तुम्हाला दिसेल, दुसऱ्या कोणाला दिसणार नाही.

मीठ कमी असलं तरी आत्याकडे पोटभर जेवत जा.

तुमच्या मायेची धनी,
दिव्यानी

ता. क. म्हणून बाबा, हा गोटा आता माझ्या जागी हलका पडेल. दिवाळीनंतरसाठी तीन किलो जास्तीचा आतापासूनच शोधून ठेवा.